येताना सावकाश

लेकीच्या रोइंग कॅम्पमध्ये, म्हणजे बोट वल्हवायला शिकवणाऱ्या शिबिरात, पहिल्या दिवशी बोट पाण्यापर्यंत न्यायला ४० पावलं लागली होती. मी मोजली, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पालकांनी काठावर थांबायचं, मध्ये बोलायचं नाही, मुलाचं नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत, एवढंच सरांनी सांगितलेलं. दहाव्या दिवशी तीच बोट, तोच लोखंडी रॅक आणि पावलं ७० च्या वर. मधल्या दहा दिवसांत गंगापूर धरणाचं पाणी तेवढं मागे गेलं होतं. पाणी मागे सरकलं की खाली ओला गाळ राहायचा, दोन दिवसांत त्याला भेगा पडायच्या आणि प्लास्टिकच्या ड्रमांवर बांधलेला तो तरंगता धक्का पोरं आणि सर मिळून ढकलत आणखी खाली न्यायचे. एप्रिलचा शेवट ते मे, नाशिकमधला उन्हाळा. हे पाणी आमच्या नळाला येतं, यातलंच कधीकधी खाली जायकवाडीला सोडतात आणि मग दरवेळी भांडणं होतात, हे सगळं पेपरात वाचलेलं होतं. पण पाणी कमी होतंय म्हणजे काय होतंय हे मी पहिल्यांदा पावलांनी मोजलं.

लेक आठवीतून नववीत गेलेली. तिला रोइंगच्या कॅम्पला घातलं यामागे फार विचार वगैरे नव्हता, खरं सांगायचं तर ती सुट्टीत दिवसभर आडवी पडून छताकडे बघत राहील याची मला धास्ती होती. ती हळू आहे. जेवायला हळू, आवरायला हळू, पेपरात शेवटचा प्रश्न राहतो. एका क्लासच्या बाईंनी तर तिच्यासमोरच मला सांगितलं होतं की हिच्यात स्पीडच नाहीये. त्या दिवसापासून आमच्या घरात 'आटप' हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल याची गणती नाही. आटप, आवर, चल लवकर, बस निघून जाईल, वेळ संपेल. आता लिहिताना तो शब्द माझ्याच आवाजात ऐकू येतोय.

आणि पाण्याचं म्हणाल तर आमच्या माहेरी पाण्याजवळ जायचं नाही हा नियमच होता. आईचा धाकटा भाऊ मी जन्मायच्या आधी विहिरीत गेला, पोहता येत होतं तरी. आजी त्या विहिरीच्या बाजूने कधी चाललीच नाही, लांबून वळसा घालायची. मी पुण्यात कॉलेजला असताना मैत्रिणींबरोबर सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे नदीवरचा बोटींचा सोहळा, बघायला गेलेले. अंधार पडल्यावर मुळेच्या पात्रात मशाली घेऊन केलेला तो मशाल डान्स, पाण्यात दिसणारी त्यांची थरथरती प्रतिबिंबं आणि काठावर एवढी गर्दी असून सगळे गप्प. तेव्हा वाटलेलं की आपणही एकदा बसावं बोटीत. नाही बसले. वसतिगृहात परत येऊन घरी फोन केला तेव्हा नदीवर गेले होते हेही सांगितलं नाही.

तर कॅम्प. सकाळी ५:३० ला हजर, कारण ९ नंतर वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठल्या की नवख्या मुलांची बोट धड चालत नाही. सोमेश्वरच्या पुढे रस्ता अंधारातच असतो त्या वेळी, दोन्हीकडे द्राक्षबागा, छाटणी होऊन गेलेल्या. मुलं १८, सहावीपासून बारावीपर्यंत. सर फौजेतून निवृत्त झालेले. आपल्याकडे रोइंग म्हटलं की फौज आलीच, पुण्यात सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आर्मीचं रोइंग नोड, म्हणजे प्रशिक्षण केंद्र आहे, देशाच्या टीममधले कितीतरी जण तिथेच घडतात. पहिला नियम: आधी ५० मीटर पोहून दाखवा, मग बोटीला हात लावा. लाइफ जॅकेट घातलंय म्हणून पोहणं नको, असं चालणार नाही. दोन मुलांना पोहता येत नव्हतं, त्यांना सरांनी फी परत केली आणि पुढच्या वर्षी शिकून या म्हणाले. एका मुलाचे वडील बरेच चिडले. मला मात्र त्याच क्षणी या माणसावर विश्वास बसला.

पहिले दोन दिवस बोटीत बसायचंच नाही. शेडमध्ये अर्गो, म्हणजे ते रोइंगचं मशीन, साखळी ओढायची आणि पंख्याचा घुमणारा आवाज ऐकायचा. मुलं कंटाळली, मी काठावर बसून कंटाळले नाही कारण मला ते बघायला आवडायला लागलं होतं. लोकांना वाटतं वल्हवणं म्हणजे दंडाचं काम. तसं नाहीये. सीट चाकांवर सरकते, पाय पुढे एका फळीला बांधलेले असतात आणि जोर येतो तो पायांचा. पाय, पाठ, हात. सर हे तीन शब्द दिवसातून शंभर वेळा म्हणायचे. परत पुढे येताना उलटं, हात, पाठ, पाय. मुठीत वल्हं आवळायचं नाही, बादली उचलताना कडीत बोटं अडकवतो तशी अडकवायची. तरी फोड येतातच. चौथ्या दिवशी लेकीच्या तळहातांवर सहा फोड आणि डाव्या हाताच्या नखांनी उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर ओरखडे, कारण दोन वल्ह्यांच्या मुठी मध्यभागी एकमेकींवरून जातात, डावा हात वर, उजवा खाली, आणि शिकताना ते हमखास घासतात. सासूबाई रात्री खोबरेल तेल लावता लावता म्हणाल्या, हे हात बघून मला माझ्या आईचे हात आठवले. त्यांची आई दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला जायची.

तिसऱ्या दिवशी बोट उलटवायची. मुद्दाम. एकेकाने एकट्याच्या बोटीत बसायचं, वल्ही सोडायची, पाण्यात पालथं व्हायचं, बुटांचे वेल्क्रो ओढून पाय सोडवायचे, वर यायचं आणि बोट धरायची. बोटीत बूट पक्के जोडलेले असतात, टाचांना आखूड दोरी असते म्हणजे बोट पालथी झाली की टाच जास्त उचलली जात नाही आणि पाय आपसूक निसटतो. सर रोज सकाळी प्रत्येक बुटाची ती दोरी स्वतः ओढून बघायचे, सोळा मुलं थंडीत उभी का असेनात. लेकीची पाळी आली तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. लहान असताना एका तलावावर एका शिकवणाऱ्याने तिला न सांगता खोल पाण्यात ढकललं होतं, त्यानंतर दोन वर्षं ती टँकच्या पायऱ्यांवरच बसून राहायची, आत जायचीच नाही. पाण्याचा आवाज झाला. मग शांतता. मग टाळ्या. वर बघितलं तर ती बोटीच्या पोटावर हात टाकून तरंगत होती आणि माझ्याकडे नाही, सरांकडे बघत होती.

त्याच दिवशी चांदवडला ओरडा बसला. चांदवड म्हणजे चांदवड तालुक्यातल्या एका गावचा मुलगा, सुट्टीत आत्याकडे नाशिकला आलेला, पोरांनी गावावरूनच नाव पाडलं. दहावीची परीक्षा देऊन आलेला, खांदे रुंद, सगळ्यांत ताकदवान. विहिरीत पोहायला शिकलेला, पाठीला डबा बांधून, त्यामुळे पाण्याची भीती शून्य. बोट पालथी झाल्यावर तो बोट सोडून सरळ काठाकडे पोहायला लागला आणि झपाट्याने पोचलासुद्धा. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. सर मात्र एवढे संतापले की धरणाच्या पलीकडे ऐकू गेलं असेल. बोट सोडायची नाही! पालथी झाली तरी ती तरंगते, वल्हीही तरंगतात, धरून थांबायचं, आम्ही येतो. काठ दिसतो त्याच्यापेक्षा लांब असतो. ज्याला पोहता येत नाही तो मुळात पाण्यात उतरत नाही, जातो तो पोहता येणारा. हे शेवटचं वाक्य ऐकून मला उठून उभं राहावं लागलं. माझ्या मामाला पोहता येत होतं.

चौथ्या दिवसापासून चौघांच्या बोटी. क्वाड म्हणतात, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही आणि शिकाऊंसाठी मागच्या टोकाला एक कॉक्स. आमच्या लेकीच्या बोटीचा कॉक्स सहावीतला, सगळ्यांत हलका. पुढचं दिसतं ते फक्त त्याला, बाकी चौघांची पाठ पुढे. तिथे रोज एक म्हातारेबाबा मासे धरायला यायचे, थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून बसायचे आणि दोन हातांत दोन चपट्या फळ्या घेऊन पाणी मारत जायचे. अर्थातच तोंड पुढे करून. पहिल्या दिवशी त्यांनी तराफा थांबवून बराच वेळ या पोरांकडे बघितलं आणि मग मला विचारलं, "तोंड तिकडं आन् जायाचं इकडं, आसं कसं?" मी म्हटलं, बाबा, असंच असतं यांचं. त्यांना काही ते पटलं नाही. पण जाळं टाकायला जाताना ते मुलांच्या रस्त्यातून लांबून जायला लागले आणि पाण्याखाली कुठे जुने बुंधे उघडे पडलेत ते सरांना रोज सांगायचे. पाणी उतरत असताना ते फार महत्त्वाचं, कारण काल जिथे खोल होतं तिथे आज बुंध्याचं टोक बोटीच्या तळाला लागू शकतं.

पहिले दोन दिवस ती बोट बघवत नव्हती. चांदवड स्ट्रोकला, म्हणजे सगळ्यांत मागच्या टोकाच्या सीटवर, कारण स्ट्रोक जो लय धरेल तीच त्याच्या पाठीकडे बघत बसलेल्या तिघांनी धरायची आणि सगळ्यांना वाटलं ताकदवान आहे तोच बसवायचा. तो ओढायचा जीव खाऊन आणि परत यायचाही जीव खाऊन, सीट दाणकन पुढे आपटायची. बोट या कुशीवरून त्या कुशीवर. वल्ही एकमेकांवर आपटायची. कुणाचं तरी पातं पाण्यात वाकडं घुसून अडकायचं, त्याला क्रॅब लागला म्हणतात, मूठ पोटात बसते आणि सगळी बोट थांबते. एवढी मेहनत करून शेजारच्या लहान मुलींची बोट पुढे निघून जायची. चांदवड बोटीतून उतरला की कुणाशी बोलायचा नाही.

सहाव्या दिवशी सरांनी जागा बदलल्या. माझ्या लेकीला स्ट्रोकला बसवलं आणि चांदवडला तिच्या मागे. मी पालकांनी बोलायचं नाही हा नियम मोडला. सरांजवळ जाऊन म्हटलं, सर, ती फार हळू आहे हो. सर म्हणाले, "ताई, म्हणूनच."

मग त्यांनी वाळूवर काडीने बोट काढली आणि मला समजावलं, मुलांना समजावतात तसंच. या बोटीचं वजन ५० किलोच्या आसपास. आत चार मुलं, एकेक ४५-५० किलोचं, वर कॉक्स. म्हणजे माणसांचं वजन बोटीच्या चौपट. आपण वल्हं ओढतो तेव्हा बोट पुढे जाते हे खरं, पण बोटीचा सांगाडा सगळ्यात जास्त वेगात असतो तो ओढून झाल्यावर, मुलं सीटवरून परत पायांकडे सरकत असतात तेव्हा. कारण एवढं वजन मागच्या टोकाकडे सरकतं आणि त्याच्या खालून बोट पुढे निघते. तेव्हा तुम्ही धावत आलात, दाणकन आपटलात, तर त्या धक्क्याने बोट अडते. सावकाश आलात तर ती आपली आपण पळत राहते. "ओढताना जोर लावायचा हे कुणालाही शिकवता येतं," सर म्हणाले. "येताना थांबायला शिकवणं फार अवघड. तुमच्या मुलीला ते येतं."

मी परत येऊन दगडावर बसले. काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. तेरा-चौदा वर्षं ज्या गोष्टीसाठी मी तिच्या मागे लागलेय ती गोष्ट कुणीतरी कामाची म्हणून निवडली होती. घरी जाताना गाडीत मी तिला काही बोलले नाही. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, केस ओले, हातावर पट्ट्या.

आठव्या दिवशी सरांनी मला रेस्क्यू बोटीत घेतलं, तिथली मदतनीस आली नव्हती आणि दोरी धरायला कुणीतरी हवं होतं. मी या वयात पहिल्यांदा पाण्यावर गेले, जॅकेट घालून, दोन्ही हातांनी कडेला धरून. सूर्य नुकताच वर आलेला, पाणी एकदम सपाट, उघड्या पडलेल्या बेटावर टिटव्या ओरडत होत्या आणि सुरय पक्षी पाण्यावर सूर मारत होते. सरांनी इंजिन बंद केलं. क्वाड आमच्या बाजूने गेली. लेकीचा चेहरा माझ्याकडे होता, म्हणजे आमच्या दिशेला होता पण ती कुठेच बघत नव्हती. ओढलं. आठही पाती एकदम बाहेर, आडवी झाली. मग ती यायला लागली, हात, पाठ, मग गुडघे, इतकी सावकाश की मला वाटलं आता विसरली, आता थांबली. तिच्या मागे चांदवड, दात आवळलेला, स्वतःला धरून ठेवणारा, तिच्या पाठीकडे डोळे लावून. बोट डुलली नाही. आणि मग मला तो आवाज आला, बोटीच्या तळाखालून बुडबुडे पळत जाण्याचा, कढईत तेल तापायला लागल्यावर बारीक चरचरतं तसा काहीसा. सर हळूच म्हणाले, ऐकलंत? दहा स्ट्रोक, म्हणजे दहा वेळा ओढणं, असे झाले असतील. अकराव्याला कुणाचं तरी पातं अडकलं आणि सगळं विस्कटलं. पण त्या दहांत चौघंही हसायला लागले होते, कॉक्सने तर दोन्ही हात वर केले होते, त्याबद्दल त्याला नंतर ओरडा बसला.

त्या दिवशी नाश्त्याला सरांनी दत्तू भोकनळची गोष्ट सांगितली. आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना ती माहीत असते, पण त्या पोरांना अर्धीच माहीत होती. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. दुष्काळी भाग, वडिलांबरोबर विहिरी खोदायची कामं केलेला मुलगा, जमिनीत खोल जाऊन पाणी शोधणारा. वडील गेले, तो फौजेत भरती झाला आणि तिथे रोइंगला आला तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायची. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या बोटीच्या शर्यतीत, जगात १३ वा. भारताचा त्या वर्षीचा एकमेव रोअर. २०१८ ला जकार्ता-पालेमबांगच्या एशियन गेम्समध्ये एकट्याच्या फायनलला आजारी, शेवटचा आला, आणि दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर क्वाडमध्ये सोनं. "आपल्या याच बोटीत," सर म्हणाले, "चौघांच्या." चांदवड पोहे खायचा थांबला होता. त्याचं गाव तळेगाव रोहीपासून फार लांब नाही. त्याने एकच विचारलं, दत्तूदादा स्ट्रोकला होते का? सर म्हणाले, कुठे बसला होता ते महत्त्वाचं नाही, बाकीच्या तिघांबरोबर आला होता.

मग सरांनी विचारलं, कुणाकुणाच्या घरी शेततळं आहे? १६ पैकी सहा हात वर. आपल्या भागात आता द्राक्षाला, डाळिंबाला, कांद्याला सगळीकडे शेततळी झालीत, वरून बघितलं तर निळे-काळे चौकोनच चौकोन दिसतात. त्यांना आत प्लास्टिकचा कागद असतो. सर म्हणाले, धरणापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. उतार आहे म्हणून पोरं सहज उतरतात, पण कागदावर शेवाळ असतं, ओल्या पायाने वर चढताच येत नाही, कितीही चांगला पोहणारा असो, काठाला हात लावून लावून दमतो. दर उन्हाळ्यात या बातम्या आपण वाचतो, दोन भाऊ, मायलेक, एकाला वाचवायला गेलेला दुसरा. त्यांनी मुलांना दोरी दाखवली, जाड नायलॉनची, दर हातभर अंतरावर गाठ मारलेली. एक टोक वर खुंटाला पक्कं, दुसरं पाण्यात सोडलेलं. जवळ ट्रकची हवा भरलेली जुनी ट्यूब. झालं, एवढंच. गाठ कशी मारायची ते प्रत्येकाकडून करून घेतलं. माझ्याकडूनही करून घेतलं. मामाच्या वेळी त्या विहिरीत अशी एखादी दोरी असती तर, हे मनात आलं, आणि गाठ दोनदा चुकली.

शेवटच्या दिवशी छोट्या शर्यती झाल्या, २०० मीटर, आमची क्वाड दुसरी आली. फी, मेडल, फोटो यात मी फार अडकत नाही. एक तक्रार मात्र लिहूनच ठेवते, मुलींना कपडे बदलायला जागा नव्हती, दहा दिवस त्या गाडीला चादरी लावून बदलत होत्या आणि हे जोवर असंच आहे तोवर बारावीपर्यंतच्या मुली टिकणार नाहीत. धरणं बांधून इतकी वर्षं झाली, काठावरच्या गावांतल्या मुलांना आणि मुलींना पाण्यात कसं राहायचं हे शिकवायला दहा-पंधरा दिवस आपल्याला काढता यायला हवेत. मला हे मनापासून वाटतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या फोनवर एक फोटो आला, चांदवडच्या आईच्या नंबरवरून. त्यांचं शेततळं, तळाशी जेमतेम पाणी, आभाळ भरून आलेलं. एका कडेला लिंबाच्या खुंटाला निळी दोरी बांधलेली, गाठी मारलेली, आणि टोकाला तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, तरंगायला. खाली लिहिलेलं, सरांना पण दाखवा. मी लेकीला दाखवला. तिने फोन हातात घेतला, नेहमीसारखा वेळ लावून फोटो मोठा करून सगळ्या बाजूंनी बघितला, मी काही बोलले नाही. मग तिने त्याला फोन लावला आणि म्हणाली, "छान बांधलीयस. पण एकच आहे. चारही बाजूंना लाव, पडणारा कुठल्या बाजूला पडेल काय माहीत."